सांबरा ते उजळाईवाडी : अंतर कोणाच्या घड्याळाने मोजायचे?

आमच्या भागात अलीकडे एक वाक्य फार ऐकू येते. लग्नाच्या मांडवात, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत, निवृत्त शिक्षकांच्या सत्कारात, कोठेही. वक्ता पश्चिमेकडे तोंड करून उभा राहतो, दोन्ही हात पसरतो आणि म्हणतो, “आता आपल्याला काय कमी? उजव्या हाताला एक विमानतळ, डाव्या हाताला एक विमानतळ!” टाळ्या पडतात. उजवा हात म्हणजे कोल्हापूरची उजळाईवाडी, डावा म्हणजे बेळगावचे सांबरा, आणि मध्ये खुर्च्यांवर बसलेले आपण : निपाणीचे, संकेश्वरचे, हुक्केरीचे, गडहिंग्लजचे, चंदगडचे. मुख्याध्यापक म्हणून मला अशा सभांत पहिल्या रांगेत बसवतात, त्यामुळे हे वाक्य फार जवळून ऐकावे लागते.

वाचकहो, विमानतळ दोन आहेत हे खरे आहे. ते आपल्या हाताशी आहेत हे खरे नाही. हाताशी असलेली वस्तू हात लांबवला की मिळते. येथे हात लांबवला की मध्ये कोगनोळीचा नाका येतो, दूधगंगेचा पूल येतो, दोन सरकारे येतात, दोन वेळापत्रके येतात, आणि पुष्कळदा काहीच येत नाही, म्हणजे बस येत नाही. दोन विमानतळांमधले अंतर ही भूगोलाची गोष्ट आहे असे समजून आपण ती सोडून दिली. माझे म्हणणे असे की ती भूगोलाची गोष्ट मुळीच नाही. भूगोलाने आपल्यावर अन्याय केलेला नाही. जो केला तो माणसांनी केला, आणि त्यात आपल्या बाजूची माणसेही आहेत.

आधी भूगोलाला त्याचे श्रेय देऊ. मी भूगोल शिकवतो, तेव्हा हे गणित मी नववीच्या वर्गात फळ्यावर मांडून घेतले आहे. सांबरा साधारण १५ अंश ५१ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७४ अंश ३७ मिनिटे पूर्व रेखांशावर येते. उजळाईवाडी १६ अंश ४० मिनिटे आणि ७४ अंश १७ मिनिटांवर. म्हणजे उत्तर-दक्षिण फरक ४९ मिनिटांचा, पूर्व-पश्चिम फरक २० मिनिटांचा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०७ किलोमीटरचा. एक बाजू नव्वद, दुसरी छत्तीस, आणि पायथागोरसच्या कृपेने कर्ण आला सुमारे ९७ किलोमीटर. शंभराला तीन कमी. आपल्याकडे येणारी सत्तर-बहात्तर आसनांची पंख्याची विमाने ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातात. चढउतार सोडून हिशेब केला तर बारा मिनिटे. वर्गातल्या एका मुलाने विचारले, “सर, मग बेळगावहून कोल्हापूरला विमान का नाही?” प्रश्न गैर नव्हता, पण उत्तर सोपे आहे : एवढ्या अंतरासाठी विमान उडवणे हा मूर्खपणा. विमानात बसून आज बेळगावहून कोल्हापूरला जायचेच म्हटले तर बेंगळूर किंवा हैदराबाद असा कोठला तरी वळसा घालावा लागेल. शेजारच्या गल्लीत जायला पंढरपूरमार्गे निघाल्यासारखे.

तेव्हा बारा मिनिटे ही फळ्यावरची गोष्ट. आता जमिनीवर येऊ. सांबऱ्याहून बेळगाव शहर ओलांडून महामार्गाला लागायचे, काकती, यमकनमर्डी, संकेश्वर, तवंदीचा घाट, निपाणी, कोगनोळी, कागल असे करीत उजळाईवाडीला उतरायचे. सुमारे ११० किलोमीटर. आमच्या वडिलांच्या पिढीत लोक सत्तर मैल म्हणत, आणि तेही बरोबरच होते. स्वतःची मोटार असेल, शहरात गर्दी नसेल आणि सहापदरी रस्त्याच्या कामाने कोठे वळण घ्यायला लावले नसेल तर दोन-सव्वादोन तास.

आता मोटार नसलेला माणूस घेऊ, कारण हा लेख वाचणारे बहुतेक जण तेच आहेत. तो सांबऱ्याला उतरतो. तेथून शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत दहा किलोमीटर. रिक्षाशी घासाघीस धरून पाऊण तास. मग कोल्हापूरची बस. ती लगेच सुटली तर नशीब. अर्धा तास धरू. वाटेत अडीच तास. उजळाईवाडी महामार्गालगतच आहे, पण कंडक्टर तेथे उतरवीलच असे नाही, तो त्याच्या थांब्यांच्या यादीकडे बोट दाखवतो. मग कोल्हापूरच्या स्थानकापर्यंत जायचे आणि आठ-नऊ किलोमीटर उलटे यायचे. चार तास सहज. आगगाडीचे नाव काढू नका. बेळगाव-कोल्हापूर थेट लोहमार्ग नाही, मिरजेचा वळसा आहे, आणि मिरजेला गाडी बदलताना माणसाचा जो वेळ जातो तो कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नसतो. असे हे बारा मिनिटांचे चार तास होतात.

कोणी विचारील, एका विमानतळाहून दुसऱ्या विमानतळावर जायचे कशाला? ज्याला विमान धरायचे तो आपल्या जवळच्या ठिकाणी जाईल. हा प्रश्न शहरात राहणाऱ्याचा आहे. मधल्या गावात राहणाऱ्याला विचारा. जाताना सांबऱ्याहून जागा मिळते, परतीची जागा उजळाईवाडीची असते, कारण त्या वारी सांबऱ्याला विमानच नसते. मोटारसायकल सांबऱ्याला लावून गेलेला माणूस उजळाईवाडीला उतरून मोटारसायकलीकडे बघणार कसा? पावसाळ्यात ढग खाली आले की विमान ठरल्या जागी न उतरता दुसरीकडे वळवतात. एखादे उड्डाण रद्द होते आणि विमान कंपनी दुसऱ्या विमानतळाचे तिकीट पुढे करते. अशा प्रत्येक वेळी मधला माणूस त्या ११० किलोमीटरांच्या स्वाधीन होतो. आणि हा माणूस कोणी शेठ-सावकार नव्हे. आपल्या पट्ट्यातून विमानात कोण बसते ते पाहा : आखातात काम करणारा गवंडी, बेंगळूरला नोकरीला लागलेली मुलगी, मुंबईला तपासणीसाठी निघालेला रुग्ण, आणि रजेवर येणारा जवान. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, गडहिंग्लज-चंदगडच्या गावागावांत फौजी आहेत. पंधरा दिवसांच्या रजेतला अर्धा दिवस रस्त्यावर गेला तर तो कोणाच्या खात्यावर टाकायचा?

आता माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी गंमत सांगतो. चंदगड तालुका महाराष्ट्रात आहे, कोल्हापूर जिल्ह्यात आहे. पण चंदगडच्या माणसाचा बाजार बेळगावला, दवाखाना बेळगावला, आणि विमानतळही बेळगावचाच, कारण कोल्हापूर त्याला बेळगावच्या दुप्पट-तिप्पट लांब. उलट निपाणी कर्नाटकात आहे, बेळगाव जिल्ह्यात आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव सत्तर-पंचाहत्तर. म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगडचा विमानतळ कर्नाटकात आणि कर्नाटकातल्या निपाणीचा विमानतळ महाराष्ट्रात! सांबऱ्याचे नवे टर्मिनल सप्टेंबर २०१७ मध्ये झाले, उजळाईवाडीचे मार्च २०२४ मध्ये. दोन्ही समारंभांची भाषणे वर्तमानपत्रांत वाचली. एका बाजूने उत्तर कर्नाटकाच्या विकासाचे गोडवे, दुसऱ्या बाजूने पश्चिम महाराष्ट्राच्या अभिमानाचे. चंदगडची आणि निपाणीची एवढी साधी अदलाबदल मात्र मला कोणाच्या भाषणात सापडली नाही.

कशी सापडणार? आमच्या शाळेच्या भिंतीवर राज्याचा नकाशा आहे. त्यात कर्नाटक हिरवे, पिवळे, गुलाबी रंगवलेले आहे, आणि निपाणीच्या वर एकदम पांढरे. पांढऱ्यावर आडव्या अक्षरांत ‘महाराष्ट्र’. कागलच्या एखाद्या शाळेत जाऊन पाहा, तेथे कागलपर्यंत रंग आणि खाली पांढरे. मुलाला वाटते, पांढऱ्या भागात गावे नसतात, रस्ते नसतात, माणसे नसतात. मुलाचे ठीक आहे, दहावीनंतर त्याचा गैरसमज दूर होतो. पण राजधानीत बसून विमाने, बस आणि रस्ते ठरवणाऱ्या मंडळींच्या टेबलावर तोच नकाशा असतो आणि त्यांची दहावी कधी संपत नाही.

गंमत म्हणजे या दोन्ही धावपट्ट्या सीमेहून वयाने वडील आहेत. कोल्हापूरची १९३९ ची, राजाराम महाराजांच्या काळातली. सांबऱ्याची १९४२ ची, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलाने केलेली. सीमा आली १९५६ साली. संस्थान विलीन झाल्यानंतर १९४९ ते १९५६ ही सात वर्षे तर दोन्ही धावपट्ट्या एकाच मुंबई राज्यात होत्या. तेव्हा विमानाने कोण जात होते म्हणा! पण जागा निवडणाऱ्यांनी त्या आजच्या सीमेकडे बघून निवडल्या नव्हत्या, एवढे लक्षात असू द्यावे.

वर्गातले कंपास-गणित आम्ही पुढे नेले. भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर सांबऱ्याला टोक रोवून सव्वाशे किलोमीटरचे वर्तुळ काढले. त्यात किती प्रवासी विमानतळ आले? उजळाईवाडी. हुबळी, सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आत. गोव्याचे दाबोळी. गोव्याचेच मोपा, जेथून जानेवारी २०२३ मध्ये विमाने सुटू लागली. सिंधुदुर्गातले चिपी, ऑक्टोबर २०२१ चे. सांबरा धरून सहा! केंद्र सरकारचे २००८ चे नवीन विमानतळांविषयीचे धोरण असे सांगते की, चालू प्रवासी विमानतळापासून १५० किलोमीटरच्या हवाई अंतरात साधारणपणे दुसरा नवा विमानतळ होऊ देऊ नये, आणि करायचाच झाला तर जुन्यावर काय परिणाम होईल ते पाहून प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र निर्णय करावा. येथे सव्वाशेत सहा आहेत. चार जुने आहेत हे मान्य. पण चिपी आणि मोपा हे दोन्ही नवे, आणि त्या दोघांतले सरळ अंतर पन्नास किलोमीटरही भरत नाही. धोरणातला ‘साधारणपणे’ हा शब्द फार लवचीक असतो.

मी विमानतळांच्या विरुद्ध नाही. सहा का, आठ असोत. पण सहा विमानतळांना प्रवासी तेच आहेत. गडहिंग्लजचा एक माणूस कोल्हापूरवाले आपला म्हणून मोजतात आणि बेळगाववालेही आपला म्हणून मोजतात. एका ओढ्याचे पाणी दोन विहिरींच्या हिशेबात धरले म्हणून पाणी दुप्पट होत नाही. विमान कंपनीला हे चांगले कळते. तिला आपल्या अभिमानाशी देणेघेणे नसते; ती जागा किती भरल्या ते बघते. मे २०१८ मध्ये सांबऱ्याची बरीचशी विमाने हुबळीला हलली तेव्हा बेळगावात केवढा संताप झाला! मोर्चे निघाले, निवेदने गेली. त्याच सुमारास, एप्रिल २०१८ मध्ये, कोल्हापूरहून कित्येक वर्षांच्या खंडानंतर नियमित विमान सुटले आणि तिकडे पेढे वाटले गेले. एकाचे सुतक आणि दुसऱ्याचे बारसे एकाच महिन्याच्या अंतराने. शंभर किलोमीटरवरच्या दोन गावांनी एकमेकांकडे ढुंकून पाहिले नाही.

पुढे जानेवारी २०१९ मध्ये ‘उडान’ योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला मार्ग मिळाले आणि सांबरा पुन्हा गजबजले. या योजनेची मेख वाचकांनी समजून घ्यावी. तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांचे भाडे सुरुवातीला अडीच हजारांच्या आत ठेवायचे, आणि कंपनीला येणारी तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची. तीन वर्षे संपली की कंपनी आणि प्रवासी समोरासमोर. मग मार्ग गळू लागतात. चिपीहून मुंबईला जाणारे विमान तीन वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबले, हे तळकोकणच्या वाचकांना सांगायला नको. म्हणजे तीन वर्षांत त्या विमानतळाला स्वतःचे प्रवासी जमवता आले पाहिजेत. ते कोठून जमणार? मधल्या गावांतून. मधल्या गावांतून माणूस विमानतळावर कशाने येणार? बसने. आणि बस? येथे येऊन सगळे अडते. विमानाची तूट भरून काढायला दिल्लीपर्यंत योजना आहे. सांबरा-निपाणी-उजळाईवाडी अशी एक बस चालवून तिची तूट भरायला दोन राज्यांत मिळून कोणी धनी नाही.

गोव्याकडे पाहा. मोपा सुरू झाले आणि पणजी-मडगावकडे कदंबच्या बस लागल्या. का? कारण एक राज्य, एक महामंडळ, एक मंत्री. तेथील लोकांचे आपल्यापेक्षा काही निराळे पुण्य नाही. आमच्याकडे बस ही आधी ध्वज असते आणि मग वाहन. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले आणि दोन्हीकडच्या बस थबकल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यात भाषेवरून एका कंडक्टरला मारहाण झाली, पाठोपाठ चित्रदुर्गाजवळ महाराष्ट्राच्या बसवर हल्ला झाला, पुन्हा बस बंद. अशा दिवसांत इकडची बस निपाणी-कोगनोळीपर्यंत येते, तिकडची कागलपर्यंत. मधले काही किलोमीटर माणसाने बोचके डोक्यावर घेऊन पार करायचे. कंडक्टरला मारणारा कोणत्याही भाषेचा असो, त्याचा हात मोडला पाहिजे असे मी मराठी शाळेचा मुख्याध्यापक असून म्हणतो. आणि बसवर काळे फासणाऱ्याचाही. रस्त्यावरच्या माणसाला शिक्षा करून कोणत्या भाषेचा मान वाढतो?

अशाच एका बंदच्या दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी आखातातून येत होता. वडील गेले होते. मुंबईपर्यंतचे विमान आणि पुढे कोल्हापूरचे, अशी तिकिटे त्याला मिळाली. सकाळी सव्वाअकराला तो उजळाईवाडीला उतरला. गाव संकेश्वरच्या पुढे, आडवळणाला. मोटारीने सव्वा तास. घरच्यांनी एक वाजेपर्यंत थांबायचे ठरवले. बस नव्हतीच. टॅक्सीवाले सीमेपलीकडे यायला कचरत होते; एकाने तयारी दाखवली ती कागलपर्यंत, आणि पुढचे भाडे सांगितले ते ऐकून त्याने कागलपर्यंतच ठरवले. कागलहून एका दुधाच्या टेम्पोतून पूल ओलांडला, कोगनोळीहून रिक्षा, निपाणीहून कोणाची तरी मोटारसायकल. तो पोचला तेव्हा अडीच वाजून गेले होते. पावसाचे आभाळ, भटजींची घाई, म्हाताऱ्या माणसांचा आग्रह. दोन वाजता उचलले होते. मी स्मशानातून परतणाऱ्यांत होतो. ओढ्याजवळ तो समोरून आला. मला म्हणाला, “सर, दुबईहून मुंबई तीन तास लागले.” पुढे काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

या गोष्टीत मी कोणाला दोष देत नाही. टॅक्सीवाल्याची काच फुटली असती तर भरून कोणी दिली असती? पण ‘उजव्या हाताला एक, डाव्या हाताला एक’ असे म्हणणाऱ्या वक्त्याने त्या मुलाच्या शेजारी उभे राहून ते वाक्य एकदा म्हणून दाखवावे.

माझ्या या म्हणण्याला तीन उत्तरे नेहमी मिळतात. पहिले : रस्ता सहापदरी होऊ द्या, सगळे सुटेल. सुटणार नाही. रस्ता रुंद झाल्याने मोटारीचे वीस मिनिटे वाचतील. बसस्थानक बदलण्यात, वाट पाहण्यात आणि उलटे फिरण्यात जे दीड-दोन तास जातात त्यांना पदर किती याने फरक पडत नाही.

दुसरे उत्तर आमच्या चळवळीतल्या ज्येष्ठांचे. ते म्हणतात, सीमाप्रश्न सुटला की हा प्रश्न आपोआप सुटेल. तोवर दोन राज्यांच्या सोयी मागणे म्हणजे सीमा मान्य करणे. या मंडळींविषयी मला आदर आहे. त्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, तुरुंग पाहिला आहे. आम्ही त्यांच्या सभांत सतरंज्या घालत वाढलो. पण त्यांचा हा युक्तिवाद मला पटत नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल आमच्या मनासारखा लागो, माझी इच्छा तीच आहे. पण निकाल लागेपर्यंत माणसे मरायची थांबत नाहीत, पोरींना नोकऱ्या लागायच्या थांबत नाहीत. १९५६ साली जन्मलेले मूल आज सत्तरीला आले आहे. आणि सोय मागणे म्हणजे सीमा मानणे हे कसे? उलट आहे. सीमेला खरोखर मानतो तो, जो कागलला बस फिरवून परत नेतो. निपाणीहून थेट उजळाईवाडीच्या दारात जाणारी बस ही सीमा न मानणारी बस आहे.

तिसरे उत्तर सर्वांत चतुर : प्रवासी नाहीत, बस रिकामी धावेल. धावेल, पहिले सहा महिने धावेल. सहा महिने रिकामी धावलेल्या बसनेच प्रवासी होतात. वेळेवर येते असा विश्वास बसल्याशिवाय कोणी विमानाचे तिकीट तिच्या भरवशावर काढत नाही. शिवाय ती विमानतळापुरतीच का असावी? संकेश्वरचा रुग्ण, निपाणीची विद्यार्थिनी, गोकुळ शिरगावच्या कारखान्यातला कामगार, सगळे त्याच रस्त्यावर आहेत. जाता जाता बायकांच्या सवलतीचे पाहा. कर्नाटकात जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. दोन्ही सरकारे उदार आहेत, पण इकडची शक्ती दूधगंगेच्या पाण्याला घाबरते आणि पलीकडे जात नाही. आमच्या शाळेतल्या सेविका कोल्हापूरला लेकीकडे जाताना कोगनोळीपर्यंत फुकट जातात, तेथे उतरतात, आणि पलीकडची बस मिळेपर्यंत उभ्या राहतात. वाचलेल्या पैशांचा हिशेब मी त्यांना एकदा विचारला. “पैसं वाचलं सर, पाय गेलं,” असे त्यांचे उत्तर.

मागणी फार मोठी नाही. दोन राज्यांच्या परिवहन महामंडळांमध्ये कोणत्या मार्गावर कोणाच्या किती फेऱ्या, याचे परस्पर करार पूर्वापार होत आले आहेत. त्यात एक ओळ वाढवायची : सांबरा विमानतळ, बेळगाव, संकेश्वर, निपाणी, कागल, उजळाईवाडी विमानतळ. दिवसाकाठी तीन फेऱ्या, विमानांच्या वेळा पाहून. चंदगडहून सांबऱ्याला सकाळ-संध्याकाळ एक. आणि तंटा झाला तर या बस शेवटी थांबवाव्यात, आधी नव्हे. रुग्णवाहिका आणि दुधाची गाडी आपण जशी सोडतो तशी ही सोडावी. दोन्ही विमानतळांच्या सल्लागार समित्यांवर आपले लोकप्रतिनिधी असतात. त्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसून, एकाच शहराला जाणारी विमाने एकाच सकाळी दोन्हीकडून सुटून दुपार दोन्हीकडे कोरडी जाऊ नये, एवढे विमान कंपन्यांना सांगावे. ऐकणे न ऐकणे कंपनीचे; पण आजवर कोणी एकत्र बसलेच नाही. बेळगावला बसायचे की कोल्हापूरला यावरून वाद होणार असेल तर निपाणीला बसा. चहा आम्ही देऊ.

गेल्या पावसाळ्यात मी या बसविषयी दोन अर्ज केले, एक अलीकडच्या संबंधित कचेरीला कन्नडमध्ये, एक पलीकडच्या कचेरीला मराठीत. कन्नड अर्ज आमच्या कन्नडच्या शिक्षकांनी सुरेख लिहून दिला. दोन्हीकडून उत्तरे आली, हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. कन्नड उत्तराचा आशय असा की हा विषय शेजारच्या राज्याच्या अखत्यारीतला असल्याने तिकडे संपर्क साधावा. मराठी उत्तराचा आशयही तोच. दोन्ही पत्रे मी फायलीत एकापाठोपाठ लावली आहेत आणि भाषा समितीची माणसे शाळेत आली की त्यांना भाषांतराचा नमुना म्हणून दाखवतो.

तिसरा अर्ज तयार आहे. एकाच कागदावर डाव्या बाजूला कन्नड, उजव्या बाजूला मराठी, आणि तो दोन्ही कचेऱ्यांना एकाच दिवशी जाईल. सह्या हव्या आहेत. सही करताना गावाचे नाव लिहावे, गेल्या वर्षभरात कोणत्या विमानतळावरून गेलात किंवा कोणाला आणायला गेलात ते लिहावे, आणि घरापासून विमानतळाच्या दारापर्यंत किती तास लागले ते लिहावे. किलोमीटर लिहू नयेत, ते आम्ही वर्गात मोजले आहेत. राज्याचा रकाना ठेवलेला नाही. कागद दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या कचेरीत अकरा ते पाच या वेळात ठेवलेला असेल. शनिवारी दुपारी साडेबारापर्यंत.